झोंब

मांढळच्या सातऱ्यावर बावीस हंगाम
मिरचीचे देठ खुडले मी.
किलोमागे पैसे. मधोमध लाल ढीग,
भोवती आम्ही बाया, नाकाला पदर गुंडाळून,
आणि दिवस मावळला की दहाही बोटांत
चुलीतून नुकते ओढलेले निखारे.
त्या आगीचे उतारे आम्हाला पाठ होते:
आंबट ताक, टोळीचं तेल, बोडीतली ओली माती.
पंचफुला तर हात दह्यात बुडवून झोपायची,
सकाळी म्हणायची, "आता कढी करा वो माही."

ही आग निराळी.
दुसऱ्या सलाईननंतर सहाव्या दिवशी उठली.
आधी जिभेची कड, मग गालाच्या आतून,
कोवळ्या फांदीची साल सोलावी तशी.
आवंढा गिळायचा
तर आधी खाटेची पाटी घट्ट धरायची.
नुसत्या ठेच्यावर टोपलंभर भात उडवणारी मी,
मला पाणी तिखट लागत होतं.

सातऱ्यावरच्या बाया आल्या.
कोणी तुरटी आणली, कोणी जाईचा पाला,
कोणी भगताचा अंगारा, पेपराच्या पुडीत.
दुर्पता म्हणाली, "तोंड आलं तुले. उष्णता हाय."
तोंड आलं म्हणतात.
माझं तर गेलं होतं.

बोरकुटे सिस्टरनं बॅटरी लावून पाहिलं,
कपाळाला आठी न घालता.
"हे औषधाचं काम हाय, बाई, तुह्या पापाचं नाही.
भराभर वाढते त्याले मारते ते,
अन् तोंडातली कातडी बिचारी रोजच वाढते."
मग बोटं मोजत सांगितलं:
उकळून गार केलेलं पाणी, मीठ, खायचा सोडा,
दिवसातून पाच-सहादा चूळ, गिळायची नाही.
ब्रश लहान लेकराचा.
पाला नको, तुरटी नको, अंगारा फक्त कपाळाला.
ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही, निघायचं.
आणि पुढच्या खेपेला,
ते इंजेक्शन ढकलायच्या आधीपासून अर्धा तास
तोंडात बर्फ.

बर्फ आमच्या गावात दोन जागी:
ढिवराच्या मासोळीखाली
आणि गोळेवाल्याच्या भुशात.
सिस्टरला दोन्ही चालले नाहीत.

मग देवाजी, ज्यानं तीस वर्षांत
घागरीतलं पाणी आपल्या हातानं घेतलं नव्हतं,
तो पातेलं चुलीवर ठेवून बसला, बुडबुडे येईपर्यंत.
ठवकरच्या मेडिकलात जाऊन
फ्रिजचा वरचा कप्पा मागितला.
साचे नातवाच्या कुल्फीचे.
पहाटे थर्मास धानाच्या कोंड्यात पुरून
नागपूरची पहिली बस.
कंडक्टर म्हणाला, "का हाय त्यात?"
"पाणी," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

खुर्च्यांच्या रांगेत बसले मी, गाल फुगवून.
दात कळवळले, कानशिलं ठणकली.
तो भिंतीवरचं घड्याळ पाहायचा
आणि एक विरघळला की दुसरा तुकडा पुढे करायचा.
मला बोलता येत नव्हतं.
त्याला तर कधीच येत नव्हतं.

तोंड वाचलंच असं नाही.
तीन फोड आले.
पण तीन. मागच्या खेपेला मोजता आले नव्हते.
सहाव्या दिवशी दूधभात खाल्ला, साय काढून,
आणि सातव्या दिवशी, उगीच, देवाजीवर ओरडले.

हल्ली तो मिरची गोठ्यामागे जाऊन खातो.
विडी ओढणाऱ्या पोरासारखा.
राखेनं हात धुतो, मग साबणानं, पुन्हा राखेनं,
मग सिस्टरनं दिलेलं मलम
करंगळीनं माझ्या ओठाला लावतो.
वास येतोच.
बावीस हंगाम ओळखते मी तिला, भिवापुरी आहे.

काल डोळ्यांत पाणी आलं.
"झोंबलं का?" त्यानं घाबरून हात मागे घेतला,
नखाखाली पाहू लागला.
मी म्हटलं, "लाव. अजून खालचा ओठ राहिला."